सहासष्ट ठोके

आमची आत्या कोटांना काजं करते. मशीनवर नाही, हाताने. एका काजाला वीस मिनिटं. घाई करणाऱ्या शिंप्याचा कोट ती तसाच परत देते. बाबा तिचे धाकटे भाऊ. आई गेल्यापासून बाबांचं, माझ्या भावाचं आणि माझं सगळं तिनंच पाहिलं. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की तिलाही काही हवं असेल, हे आमच्या गावीही नव्हतं. लाज वाटते सांगायला, पण खरं आहे.

एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "मी काटेवाल्यांशी लग्न करतेय. भात वाढू का अजून?"

काटेवाले म्हणजे समोरच्या दारातले एकटे गृहस्थ. दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करतात. बाबांचा घास हातातच राहिला.

"साठी आणि बुद्धी नाठी!"

"साठीला दोन वर्षं आहेत अजून."

"अगं, पण हे ठरवलंस कशावरून?"

"रोज मी वर आले की ते दार उघडून हातातलं कोटांचं गाठोडं घेतात. छातीत धडधडतं. आणखी काय सांगू?"

इथे माझा भाऊ मध्ये पडला. तो कॉलेजात मानसशास्त्र शिकतो, म्हणून घरात त्याला प्रोफेसर म्हणतात. "आत्या, चार मजले चढल्यावर कुणाचीही छाती धडधडेल. एक सिद्धांतच आहे. अंग नुसतं धडधडतं, कशासाठी ते त्याचं त्याला ठाऊक नसतं. मग डोकं कारण शोधतं आणि समोर जो दिसेल त्याच्या नावावर बिल फाडतं. या दोन्हीची मिळून भावना होते. समोर घरमालक असता तर तुला राग आला असता."

"घरमालकाचा राग मला पहिल्या पायरीवरच येतो," आत्या म्हणाली.

प्रोफेसरचं आजवर एक अक्षर न ऐकणाऱ्या बाबांना बुडत्याला काडीचा मिळावा तसा आधार मिळाला. "सगळा जिन्याचा दोष! शास्त्र सांगतंय!"

मला दोघांचाही संताप आला. आत्याने शांतपणे ताटं उचलली. "मग जिना वगळू. रविवारी खाली बसते. मोजा."

रविवारी खाली टपालपेट्यांपाशी खुर्ची मांडली. आत्या अर्धा तास बसून राहिली. प्रोफेसरने तिची नाडी मोजली: बहात्तर. काटेवाले आल्यावर आकडा चढला तर आपण गप्प बसू, नाही तर लग्नाचा विषय बंद, असं बाबांनी परस्पर ठरवून टाकलं. आत्या हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मी मात्र मनातल्या मनात तो आकडा वर ढकलत होते.

काटेवाले आले, खांद्याला हत्यारांची पिशवी. "आज इथे?" म्हणत शेजारच्या पायरीवर बसले.

"दमलात?" आत्याने विचारलं.

"थोडा."

एवढंच बोलणं झालं. प्रोफेसर मनगट धरून घड्याळाकडे बघत राहिला. मग चोरट्यासारखा म्हणाला, "सहासष्ट."

"उतरले!" बाबांनी टाळी वाजवली. "म्हणजे काही नाहीच! मिटलं!"

माझं तोंड एवढंसं झालं. आत्याने मनगट सोडवून घेतलं आणि बाबांकडे बघितलं.

"आपले आईवडील गेले तेव्हापासून धडधडतंय हे. तुझी फी, तुझी नोकरी, या पोरांची दुखणी. त्या धडधडीला मी माया म्हटलं, कर्तव्य म्हटलं, तेव्हा कुणी खुर्ची मांडून मोजलं नाही. आज पहिल्यांदा ती जरा टेकली. बरं झालं मोजलंत. आता तर पक्कंच." मग काटेवाल्यांकडे वळून, "मंगळवारी नोंदणीला जाऊ. रिकामे आहात?"

"आहे," ते म्हणाले. कानांपर्यंत लाल झाले होते.

"हे शास्त्राच्या विरुद्ध आहे!" बाबा ओरडले. मग हळूच म्हणाले, "आणि आमचं काय? आमच्याकडे कोण बघणार?"

एकदाचं खरं कारण बाहेर पडलं.

आत्याने बाबांचं मनगट हातात घेतलं, प्रोफेसरचं घड्याळ मागितलं आणि पूर्ण एक मिनिट मोजलं.

"एकशे चार," ती म्हणाली. "जिना तर तू चढलेला नाहीस. घाबरलायस तू. याला शास्त्र म्हणू नकोस."