मासा पाठ कशी जोडतो

विचुंब्यात आमच्याच नव्या बिल्डिंगच्या परांचीवरून हे पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. "आता काय व्हनार नाय, मी मान्य केलाय," असं येईल त्याला सांगायचे. मग आम्हीही तेच धरून चाललो.

ह्यांची भाची प्रयोगशाळेत माशांवर काम करते. सुट्टीत आली तेव्हा सहज म्हणाली, "मामा, आमचा झेब्रा मासा बोटभरसुद्धा नाही. पण पाठीतला मज्जारज्जू तुटला तरी काही आठवड्यांत परत पोहतो."

ह्यांची मान ताडकन उशीवरून उठली. "जोडतो कोन?"

"आपल्यात तुटल्या जागी वण धरतो, वाट बंद. माशात पेशी पूल बांधतात, त्यावरून तंतू पलीकडे जातात. आणि रज्जूभोवती पातळ आवरण असतं ना, तेही भरून येतं. त्याचा ह्या कामात किती हात आहे, तेच शोधतोय."

"म्हंजे तुमालापन ठावं नाय?"

"नाही ना!"

अगं बाई, काय खूश झाले! पडल्यापासून इतकं हसलेलं मी पाहिलं नव्हतं. मग प्रश्नांवर प्रश्न, पोरीचा चहा गार झाला.

सासूबाईंनी मात्र अर्धंच ऐकलं. "एवढ्याशा मासलीत एवढी ताकद, मंग जिताड्यात किती आसंल!" झालं. बाजारातून हातभर लांबीचा जिताडा मासा आला. तुकड्या आम्हाला, आणि मधला काटा उकळून त्याचं पाणी लेकाला. भाचीनं कपाळावर हात मारला. "आजी, खाऊन नाही गं होत!"

"तू गप र्‍हा!"

हे मुकाट्यानं वाटी तोंडाला लावायचे. मला संताप यायचा, म्हातारीला कशाला उगाच आशा लावायची?

निघताना भाचीला ह्यांनी विचारलं, "बरा व्हताना मासा आधी काय हलवतो?"

"जखमेलगतचं अंग. शेपटी उशिरा."

ती गेल्यावर दुपारी मी खोलीत गेले, तर चादर बाजूला सारलेली. मान ताणून हे पायाच्या अंगठ्याकडे टक लावून पुटपुटत होते, "हल ना रं."

"रोज करता हे?"

"हा."

"आणि आम्हाला सांगता, मान्य केलंय! निदान मला तरी सांगायचं!" माझा आवाज चढला.

"तुला सांगितला असता तर तूपन बघत बसली असतीस," हे म्हणाले. "नाय हलला का मंग रोज तुझा तोंड बघावा लागला असता."

मला रडू आलं, ते लपवलं नाही. पायथ्याशी बसले आणि म्हटलं, "हलवा."