नवऱ्याला घेऊन ये

यंदा होळीच्या आदल्या दिवशी पाचूबंदरातल्या माझ्या शेजारणीवर अन्याय झाला. तीन मुलांनंतर तिला नसबंदी करून घ्यायची होती. नवरा बोटीवर होता, म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं. नर्स म्हणाली, "नवऱ्याला घेऊन ये." कायद्याने त्याची सही लागत नाही, हे सांगून मी थकले.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्या. नवरा घरी आला आणि नाही म्हणाला. नारळी पौर्णिमेनंतर तो दर्यावर गेला, तेव्हा तिला दिवस गेले होते.

मी कुटुंब नियोजनाची पत्रकं वाटते. गरीब देश पोरांमुळे मागे राहतात, असं तिथल्या भाषणांत सांगतात. ती मला म्हणते, "पत्रकं वाटतेस ना, आता माझं पोर पन वाट."

तुमच्या जवळच्या दवाखान्यात जा आणि विचारा, एकट्या बाईला परत का पाठवता?