अथेन्सकर सर

आमच्या पडेगावच्या बिल्डिंगीत नळाला पाणी आलं नाही, की बाकीचे लोक एकमेकांच्या टाकीत डोकावायचे. तिसऱ्या मजल्यावरचे सर मात्र थेट रोमला जायचे. "वहिनी, रोमला डोंगरातून पाणी यायचं. कमानींवरून. ना पंप, ना मोटर. नुसता उतार राखलेला." मी म्हणायची, "अहो सर, जमिनीखालून पाणी आणणारी नहर आपल्याकडंही होतीच की! पाणचक्की काय हवेवर फिरत होती?" त्यावर खूश व्हायचे. "होतीच! रोमन इंजिनिअर बघायला आला असता तर मांडी घालून बसला असता तिच्यापुढं." आणि रिकामी बादली हलवत जिना चढायचे. पाणी काही आलेलं नसायचं, पण माणूस हसत वर गेलेला असायचा.

खरं आडनाव त्यांचं वेगळं होतं. वैजापूरकडच्या शाळेत उभी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली, रिटायर होऊन इथं फ्लॅट घेतला. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. आल्या आल्या पहिल्याच महिन्यात, सारखं अथेन्स आणि रोमचं ऐकून, कुणीतरी 'अथेन्सकर' म्हणालं आणि तेच चिकटलं. सरांनाही ते आवडलं असावं, कारण खालून कुणी "अथेन्सकर!" म्हणून हाक मारली की ते गॅलरीतून हात वर करायचे.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं सगळं असंच, ऐकून आणि मिळेल ते वाचून. सरांनी मला पुस्तकं दिली, पण त्याहून जास्त बोलण्यातून दिलं. एकदा मी ज्वारी निवडत बसले होते, आणि सहज विचारलं, "सर, राजे काय, लढाया काय, सगळ्या मुलखात झाल्या. मग या ग्रीक-रोमनांचंच एवढं का?" सर पायरीवरच बसले. म्हणाले, "ग्रीकांनी 'का' विचारायची सवय लावली. आणि रोमनांनी जे चांगलं दिसलं ते उचललं, लिहून काढलं, पक्कं बांधलं. गंमत बघा, रोमनं ग्रीस जिंकलं. आणि मग जिंकलेल्यांनी हरलेल्यांचेच मास्तर घरी ठेवून आपली पोरं शिकवली."

मी म्हटलं, "म्हणजे सून घरात आली सासरी नांदायला, आणि वर्षभरात सासरची आमटी माहेरसारखी लागायला लागली!"

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. पुढं कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत होते, "एवढं पुस्तकात वाचलं, पण आमटीचं उदाहरण वहिनींनी दिलं." मला लाज वाटायची, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

"हे कुणी ठरवलं?" हा त्यांचा लाडका प्रश्न. गाड्या इथंच का लावायच्या, कुणी ठरवलं? गच्चीची किल्ली एकाच घरात का, कुणी ठरवलं? आमचे हे वैतागायचे, म्हणायचे, "या माणसाला कुणी रिटायर केलं?" पण हळूहळू सोसायटीची सभा सरांच्या पद्धतीनं व्हायला लागली. महिन्यातून एकदा, गच्चीवर, उघड्यावर. अथेन्सचे लोकही टेकडीवर उघड्यावर बसायचे म्हणे. अध्यक्ष निवडायचा नाही, डब्यातून चिठ्ठी काढायची. आणि मत द्यायचं ते खापरानं. फुटक्या माठाचे तुकडे वाटायचे. खडूनं फुली मारली तर एक मत, कोरं ठेवलं तर दुसरं. मग सगळी खापरं टोपलीत. कुणाचं कुठलं, कळायचं कारण नाही. सुरुवातीला लोक हसले, मग त्यांना चटक लागली. शेजाऱ्याशी भांडण न होता मत देता येतंय म्हटल्यावर कुणाला नको?

पण खापर मिळायचं घरटी एक, आणि ते पुरुषाच्या हातात. आम्ही बायका मागं चटईवर. एका सभेत मी मागूनच विचारलं, "सर, तुमच्या अथेन्सात बायका कुठं बसायच्या?"

"घरात," सर म्हणाले.

"आणि त्यांचं मत?"

पुढच्या महिन्यात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एक खापर, असा नियम झाला. त्या दिवशी सर लहान मुलासारखे खूश होते. "वहिनी, आपण अथेन्सच्या पुढं गेलो!"

ही खापरं करून द्यायचा कडूबा. खालच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला सोसायटीचा एक गाळा आहे, त्यात त्याची पिठाची गिरणी होती. फुलंब्रीकडचा माणूस, अंगावर कायम पिठाची साय. गिरणी चालवता चालवता सोसायटीची मोटर लाव, खुर्च्या वर ने, असली कामं तोच करायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं, पण पडत गेली त्याच्यावर. खापरं करताना तो तुकड्यांच्या कडा फरशीवर घासून बोथट करायचा. "काकू, कुणाचा हात कापला तर मत कोण देईल?" असं म्हणायचा.

दुसऱ्या मजल्यावरच्या संगीताचे सासरे त्या वर्षी अंथरुणाला खिळले. गिरणीचा आवाज सरळ त्यांच्या खोलीत. म्हाताऱ्याचा डोळा लागला की पट्टा सुरू. संगीता बिचारी दोनदा खाली जाऊन बोलली, पण दुपारची गिऱ्हाईकं असली की कडूबाचाही नाइलाज. बाकीच्यांनाही काही ना काही होतंच. कुणाच्या गाडीवर पीठ, कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. माझ्याही. शेवटी विषय सभेत आला: गाळ्याचा करार पुढं चालू ठेवायचा की नाही.

कडूबाला विषय ठाऊक नव्हता. त्यानं नेहमीसारखा माठ फोडला, कडा घासल्या, खापरं ताटात घेऊन वर आला. चिठ्ठी सरांच्या नावाची निघाली होती, म्हणून अध्यक्ष सर. त्यांनी विषय वाचला, करार नको असेल त्यानं फुली मारायची म्हणून सांगितलं. कडूबा जिन्याच्या तोंडाशी ताट घेऊन उभा होता.

"सर, मी बोलू का जरा?"

सर गोंधळले. चष्म्यावरून त्याच्याकडं बघत हळूच म्हणाले, "कडूबा, सभेत सभासदांनाच बोलता येतं रे. नियम आहे तसा."

"व्हय सर," कडूबा म्हणाला. आणि ताट घेऊन पहिल्या ओळीपासून खापरं वाटायला लागला. मीही त्याच्या ताटातून एक उचललं, आणि मांडीआड धरून फुली मारली.

फुल्या जास्त निघाल्या. कडूबा म्हणाला, "बरं हाय. समद्यांचं मत हाय." महिनाअखेर त्यानं जातं, पट्टा, काटा सगळं टेम्पोत भरलं. गाळ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं. संगीताच्या सासऱ्यांना दुपारची झोप लागायला लागली.

सर मात्र बदलले. सभेला यायचे, पण मागं आमच्या चटईशेजारी बसायचे. रोम नाही, अथेन्स नाही. एकदा मी चहा घेऊन वर गेले, तर खिडकीशी उभे. माझ्याकडं न बघताच बोलायला लागले. "वहिनी, अथेन्सनं एका शहाण्या म्हाताऱ्याला मतं घेऊन विष पाजलं. मी दरवर्षी शिकवायचो. 'अथेन्सची चूक', टीप लिहा, पाच मार्क. पण त्याला आधी बोलू तरी दिलं होतं त्यांनी. दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय निकाल नाही, ही रीत आपल्या कोर्टात आली ती रोमच्याच वाटेनं. तेही मीच शिकवायचो. आणि कडूबाला मी गप्प बसवलं. तो भाडेकरू. अथेन्सात परगावच्या माणसाला मत नसायचं. मला तुम्ही बायका दिसल्या, तो दिसला नाही."

मी म्हटलं, "मनाला लावून घेऊ नका सर. मत काय तुम्ही एकट्यानं दिलं? सगळ्यांनी दिलं."

"तेच तर," सर म्हणाले. "सगळ्यांनी केलं की ते कुणीच केलेलं नसतं."

चहा गार झाला. माझ्या फुलीचं ओठावर आलं होतं. कप उचलून खाली आले.

मग एक दिवस सर एसटीनं फुलंब्रीला गेले. कडूबानं गावाबाहेर रस्त्याला पत्र्याचं शेड टाकून गिरणी मांडली होती. आल्यावर माझ्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तर येईनात.

"त्याला विचारलं, त्या दिवशी काय बोलायचं होतं तुला?"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, काय नाय सर, एवढंच सांगणार होतो, की दुपारचे दोन घंटे गिरणी बंद ठेवतो म्हणून."

एवढं सांगून वर गेले. त्या दिवशी जिन्यावर त्यांचा हात कठड्यावरून सुटला नाही.

त्यानंतर सर सारखे फुलंब्रीला जायचे. जाताना मोंढ्याच्या बाजारातून घेतलेल्या ज्वारीचं पोतं, येताना पीठ. पोरगी ओरडायची फोनवर, या वयात पोती कसली उचलता. आम्हाला वाटायचं, एकटा माणूस, जिवाला विरंगुळा. पीठ जास्त झालं म्हणून ते बिल्डिंगीत वाटायचे. "वहिनी, गावाकडचं पीठ आहे, माझ्यानं संपत नाही." संगीताकडं द्यायचे, समोरच्यांकडं द्यायचे. चांगलं बारीक पीठ असायचं, भाकरी छान थापली जायची. आम्ही डबे भरून ठेवायचो.

या उन्हाळ्यात सर गेले. झोपेतच गेले. मुलगी येऊन सगळं करून गेली. आम्ही गच्चीवर शोकसभा ठेवली. जो तो बोलला, पाण्याचं बोलला, खापरांचं बोलला, आमटीचं कुणीतरी माझ्याकडं बघत सांगितलं. तेवढ्यात माझं लक्ष जिन्याकडं गेलं. कडूबा उभा होता. कुणी कळवलं कोण जाणे. टोपी हातात, केसात पीठ.

मी उठले. "कडूबा, असा पुढं ये. बोल तू."

तो आधी नको नको म्हणाला. मग पुढं आला. इतक्या लोकांसमोर त्याला सुचेना. हात जोडले.

"मला काय बोलता येत नाय. सरांचे उपकार हायेत, पण तुमचे बी लई हायेत. इथून गेलो तवा वाटलं, आता काय खरं नाय. नवी जागा, गिऱ्हाईक नाय. पण तुम्ही समद्यांनी सरांच्या हाती दळण पाठवलं. सर दरखेपी सांगायचे, कडूबा, सोसायटीतली माणसं म्हणतात, पीठ पायजे तर तुझ्याच गिरणीचं. पैशे बी तुम्ही दिलेले आणून द्यायचे. त्याच्यावर पयलं वरीस निघालं माझं. नायतर एवढ्या लांब कोण दळण धाडतं?" मग संगीताकडं वळून म्हणाला, "ताई, तुमचे सासरे कसे हायेत आता?"

संगीतानं 'बरे आहेत' अशी मान हलवली.

कडूबानं पुन्हा सगळ्यांना हात जोडले, आणि खुर्ची मोकळी असूनही मागं चटईवर जाऊन बसला.

चिठ्ठीतून अध्यक्ष झालेले आमचे हे म्हणाले, "कुणाला आणखी काही बोलायचंय?"

गच्चीवर सगळे होते. बोलायचा हक्क आम्हा सगळ्यांना होता.