तोकिएचा खराटा

नोव्हेंबर सरत आला की आमच्या चढावर सकाळी ओल दाटते. डोंगराच्या पोटातून निघालेली ही ओल फरशांच्या सांध्यांतून वर येते आणि घोट्यांना चावते. मेपलची पानं रात्रीतून गळतात आणि दगडाला चिकटून बसतात. असलं पान खराट्याला दाद देत नाही. आधी टोकानं उचकटायचं, मग ओढायचं. तोकिए उमेबारा हे काम लग्न होऊन आली त्या वर्षापासून करते आहे. डोक्याला फडकं, पायात रबरी बूट, कंबर वाकलेली आणि तोंड चालू.

"सडलेली मेली," ती पानाला म्हणते. पुढं कुणीतरी टाकलेला आइस्क्रीमचा कप दिसला की त्यालाही तेच म्हणते, फक्त आवाज चढवून.

मी समोरच राहते. किमोनो उसवायचे, धुवायचे आणि पुन्हा शिवायचे, हे माझं काम. सकाळी खिडकी उघडली की पहिलं दर्शन तोकिएच्या पाठीचं.

दार झाडायची आमच्या क्योतोची एक रीत आहे. आपलं दार झाडायचं आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचं हातभर. हातभर म्हणजे हातभरच. त्याहून कमी झाडलं तर माणूस तुसडा. जास्त झाडलं तर त्याहून वाईट. 'तुमच्याच्यानं स्वतःचा उंबरा सांभाळवत नाही,' असं भर रस्त्यात ओरडून सांगितल्यासारखं होतं ते. तोकिए तांगोची, समुद्राकाठची, मासळी सुकवणाऱ्यांच्या घरातली. तिला हे कुठलं ठाऊक असायला? नवी नवरी असताना तिनं भल्या मनानं शेजारच्या निशिगाकींचं अख्खं दार झाडून, वर पाणी शिंपडून ठेवलं. सासूनं तिला मनगटाला धरून निशिगाकींच्या दारात माफी मागायला उभं केलं.

"झाडलं, त्याची माफी," ती अजून सांगते. "आमच्याकडं अंगण झाडलं तर बाई गं, वाटीभर कालवण देतात."

निशिगाकींचं लोणच्यांचं दुकान. शिंजेन निशिगाकी आता सत्तरीत आहे, आमच्या गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष. आवाज असा की तूप सांडावं. चढ संपतो तिथं देऊळ आहे, त्यामुळं चढावर वर्षभर माणूस, आणि नोव्हेंबरात तर माणूस मोजायचा की पान, अशी गत. भाड्याचे किमोनो घातलेल्या पोरी आमच्या उंबऱ्यावर बसून बूट काढतात. जाळीच्या खिडकीला नाक लावून आत बघतात. चाकांच्या बॅगा दगडांवरून अशा खडखडत जातात की बशीतला चहा थरथरतो. बसमध्ये शिरायचं म्हणजे आम्हां म्हाताऱ्यांना एक बस सोडायची, मग दुसरी, मग घरी परत.

वसंतात एका टॅक्सीनं चढावर एका लहान मुलीला घासलं. पोर वाचली, खरचटण्यावर भागलं. तेव्हा वॉर्ड ऑफिसात जाऊन टॅक्स्या बंद करा म्हणणारी पहिली बाई तोकिएच. हे लक्षात ठेवलं पाहिजे, कारण पुढं जे झालं ते तिच्याच तक्रारीच्या नावावर झालं.

तिचा नवरा तोराओ. तातामी, म्हणजे घरात अंथरायच्या गवती चटया, विणणारा, बोटं सुतळीसारखी चिवट. तीन वर्षांपूर्वी डावी बाजू गेली. आठवड्यातून दोनदा वृद्धांच्या केंद्राची गाडी दाराशी येते, मागची फळी खाली उतरते, खुर्चीसकट तोराओ आत जातो. केंद्रात त्याला पट्ट्यात बसवून गळ्यापर्यंत गरम पाण्यात सोडतात. घरच्या टबात त्याला उतरवणं तोकिएला झेपत नाही. ती दोन आंघोळी म्हणजे तोराओचा आठवडा. बाकीचे पाच दिवस तो त्या दोन दिवसांची वाट बघतो. आंघोळीचा दिवस असला की पहाटेपासून उजव्या हातानं मांडीवर टॉवेलची घडी घालतो, मोडतो, पुन्हा घालतो.

सप्टेंबरात मंडळाची बैठक झाली. वॉर्ड ऑफिसातून ओगिनो नावाचा तरुण आला होता, सूट इस्त्रीचा, केस इस्त्रीचे. योजना अशी : सकाळी दहा ते संध्याकाळी पाच चढावर एकही गाडी नाही. रहिवाशांच्या स्वतःच्या गाड्यांना पास. दुकानांचा माल दहाच्या आत. निशिगाकीच्या मुळ्यांची पिंपं तशीही पहाटेच येतात.

तोकिएनं हात वर केला. "केंद्राची गाडी?"

"ती रहिवाशांची गाडी या व्याख्येत बसते का ते पाहावं लागेल," ओगिनो म्हणाला.

"पाहा की मग."

निशिगाकीनं हसून मान डोलावली. "तोकिएसान, सगळ्यांची सोय बघितली जाईल. कुणाला काही अडचण?"

बैठकीत आमच्याकडं कुणी 'नाही' म्हणत नाही. "विचार करावा लागेल", "अवघड दिसतंय" असं पुटपुटून खाली बघतात. खाली बघितलं म्हणजे 'नाही', हे गल्लीतल्या पोरालाही कळतं. निशिगाकीलाही कळतं. पण वॉर्ड ऑफिसला त्यानं कळवलं की रहिवाशांची हरकत नाही.

एक नोव्हेंबरला चढाच्या पायथ्याशी खांब उभे राहिले. केंद्राची गाडी सकाळी साडेनऊला येते, तेव्हा वाट मोकळी. पण परतायची वेळ साडेतीनची. ड्रायव्हर खाली हमरस्त्यावर थांबला आणि तोकिएपुढं कमरेत वाकून वाकून माफी मागू लागला. तिला त्याचाही राग आला. "तुम्ही कशाला वाकताय? ज्यानं वाकायचं तो वर लोणची विकतोय."

दुसऱ्या दिवशी ती वॉर्ड ऑफिसात गेली, तांगोच्या पद्धतीनं, म्हणजे दारातूनच बोलत.

"माझा म्हातारा चार वाजता ओल्या डोक्यानं चढावर ढकलत आणायचा होय? मी? या कमरेनं?"

"आजी, तुमचं म्हणणं मी वर पोहोचवतो," ओगिनो म्हणाला.

"वर म्हणजे कुठं? वरच्या मजल्यावर? चला, मीच पोहोचवते."

"तसं नाही आजी. मार्चमध्ये आढावा आहे."

"मार्चपर्यंत त्याला बिनआंघोळीचा ठेवू?"

"पर्याय म्हणून पासधारक रहिवाशाच्या खासगी गाडीतून…"

"आमच्याकडं सायकल हाय. तिला पास द्या."

ओगिनोनं तिला चहा दिला. तोकिए म्हणते, चहा चांगला होता, म्हणून जास्त संताप आला.

मग तो शुक्रवार. सुट्टीला जोडून आलेला, पानं ऐन लाल झालेली, चढावर पाय ठेवायला जागा नाही. तोकिए खालून खुर्ची ढकलत निघाली. तोराओच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, गालांवर गरम पाण्याची लाली, मांडीवर घोंगडी. लोक बाजूला होत होते, पण बाजूला होऊन फोन काढत होते. म्हातारी, म्हातारा, जुनी गल्ली, मागं लाल पानं. आयतं चित्रच मिळालं त्यांना.

तोराओला बोलायला वेळ लागतो. त्यानं शब्द जुळवला आणि म्हणाला, "पा… पालखी."

"गप बसा, बाबा. पालखीला खांदेकरी असतात. हितं मी एकटी."

अर्ध्या चढावर पुढचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं. तोकिएनं ढकललं, ओढलं, जाळीला शिव्या दिल्या. तेव्हा दोन उंच परदेशी पोरं पुढं आली, एक शब्द न कळता खुर्ची उचलली आणि थेट दारापर्यंत घेऊन आली. तिनं त्यांना वाकून नमस्कार केला, मग आत जाऊन दोन संत्री आणून हातात कोंबली. मी हे खिडकीतून बघितलं. मी खाली उतरेपर्यंत सगळं आटोपलं होतं. गल्लीतल्या बाकीच्या दारांचं काय सांगायचं, ती मिटलेली होती.

एकच दार उघडं होतं. निशिगाकी दुकानाच्या पडद्यापाशी उभा होता. गिऱ्हाइकाला पिशवी देता देता गोड हसून म्हणाला, "तोराओसान, चेहरा काय ताजातवाना दिसतोय. बाहेरची हवा मानवते वाटतं तुम्हाला."

तोकिएनं खुर्ची आत घेतली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली तर पाठ जागेवर नव्हती. ती निशिगाकीच्या दारात होती. हातभर झाडून खराटा थांबला नाही. तिनं त्याचं अख्खं दार झाडलं, पडद्याखालचा दगड पुसला, फुलझाडाच्या कुंडीतली वाळकी पानं वेचली, पाणी शिंपडलं. आमच्या सगळ्यांच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. निशिगाकीची बायको बाहेर आली आणि तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला.

"तोकिएसान, आम्हाला लाज वाटेल असं करू नका."

"छे हो. अध्यक्षांना केवढी कामं. सगळ्यांची सोय बघायची. स्वतःच्या दाराला वेळ कुठला मिळणार?" तोकिए म्हणाली. आणि हे म्हणाली ते अस्सल क्योतोच्या बोलीत, तुपात घोळून. तिच्या सासूनं ऐकलं असतं तर तिला पहिल्यांदाच पोरी म्हणून हाक मारली असती.

दुपारी निशिगाकीकडून सलगमाच्या लोणच्याची पेटी आली. न मागितलेल्या उपकाराची परतफेड. ती घेतली की प्रकरण मिटतं. तोकिएनं संध्याकाळपर्यंत तांगोचे सुकवलेले मासे, पेटीच्या दुप्पट आकाराचे, त्यांच्या दारात नेऊन ठेवले. उपकार पुन्हा त्यांच्या अंगावर. दुसऱ्या दिवशी निशिगाकीचा नोकर तिच्या आधी उठून झाडायला उतरला. तिसऱ्या दिवशी ती नोकराच्या आधी.

चौथ्या दिवशी मी माझा खराटा घेऊन उतरले. पंख्यांच्या दुकानातली कोइसो आजी काठी टेकत आली. तिचा नवरा त्याच केंद्रात जातो. ती म्हणाली, "मला वाकता येत नाही. मी नुसती खराटा धरून उभी राहते."

"राहा," तोकिए म्हणाली. "तुम्ही उभ्या राहिलात तरी त्याच्या पोटात दुखेल."

आठवडाभर अध्यक्षाचं दार गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी झाडलं. कुणी एक वाईट शब्द बोललं नाही. निशिगाकी बाहेर आला की आम्ही वाकून नमस्कार करायचो, पर्यटक त्याचे फोटो काढायचे. देवळाचे भटजी जाता जाता थांबून म्हणाले, "निशिगाकीसान, भाग्यवान आहात. किती जीव लावतात शेजारी." त्या दिवशी त्यानं दुकान दुपारीच बंद केलं.

आणि मग, मार्चचा आढावा डिसेंबरातच झाला. निशिगाकी स्वतः वॉर्ड ऑफिसात गेला. खांबावर नवी पाटी लागली : वृद्ध व आजारी रहिवाशांना नेणाऱ्या गाड्यांना सर्व वेळ परवानगी. त्याखाली एक ओळ होती, रहिवाशांच्या भावनांचा विचार करून मंडळाच्या अध्यक्षांच्या सूचनेवरून.

ती ओळ तोकिएनं मोठ्यानं वाचली. मग पुन्हा वाचली.

"सूचना," ती म्हणाली. "त्याची सूचना. माझ्या नवऱ्याला रस्त्यात ओल्या डोक्यानं फिरवलं, आणि आता भलेपणाही ह्याच्याच खात्यात."

"जाऊ दे," मी म्हटलं. "गाडी तर आली ना दारात."

"गाडी येणारच होती. ती आधीपासून येत होती. ज्यानं काढून घेतली त्यानंच परत दिली, तर मी हात जोडायचे?"

ओगिनो पाटी बघायला आला होता. तिच्यापुढं वाकून म्हणाला, "आजी, आता समाधान झालं ना?"

"नाही," तोकिए म्हणाली. आमच्या चढावर एवढं सरळ 'नाही' मी जन्मात ऐकलं नव्हतं. "टॅक्स्या बंद केल्यात, बरं केलंत. पण पुढच्या वेळी अध्यक्षाला नाही, मला विचारा. माझं घर तुम्हाला ठावं आहे. दारात लोक फोटो काढत असतात, चुकायचं नाही."

सोमवारी साडेतीनला गाडी चढावरून हळूहळू वर आली. गर्दी दोन्हीकडं सरली. फळी उतरली, तोराओ लाल गालांनी बाहेर आला. निशिगाकी पडद्यापाशी होता. पडदा सारून तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच ओल, तीच चिकटलेली पानं. मी खिडकी उघडली. तोकिए आपलं दार झाडत निशिगाकीच्या बाजूला सरकत गेली. मला वाटलं, आता पूर्वीसारखं हातभर पलीकडं जाईल. खराटा दोन दारांमधल्या दगडाच्या सांध्यापाशी आला आणि तिथंच थांबला. एक पान सांध्यावर आडवं पडलं होतं, अर्धं इकडं, अर्धं तिकडं. तिनं ते पायानं तिकडं सारलं. मग दुसऱ्या बाजूचं, बंद पडलेल्या घराचं हातभर नीट झाडून काढलं, बादलीतलं पाणी शिंपडलं आणि तोराओची दाढी करायला आत गेली.