कड्यावर काढून ठेवलेले बूट

पौडच्या एस.टी. स्टँडवर मला निरोप द्यायला तिघं आले आणि तिघांनीही खायचंच आणलं. किराणा दुकानदार करीमभाईंनी शेंगदाण्याच्या चटणीचा पुडा माझ्या पिशवीत कोंबला.

"गुरुजी, तितं समदं कच्चंच खात्यात म्हनं. ह्यो असू द्या. आन् लवकर माघारी या."

"तिथं मला कोण ठेवून घेणार?" मी म्हणालो.

"तसं न्हवं. आमास्नी हितं पायजे तुमी," असं म्हणून ते उगाच गाडीच्या टपाकडे बघायला लागले.

माझी बायको जाऊन दहा महिने झाले होते. मुलगा सुधीर कारखान्यातर्फे वर्षभराच्या शिक्षणासाठी जपानात नागोयाला होता. त्यानं तिकीट पाठवलं आणि लिहिलं, 'आबा, मे महिन्यात याच.' पोराला बापाला परदेश दाखवायची हौस आली, असं मला वाटलं. निवृत्त हेडमास्तर असलो तरी काही गोष्टी मला उशिराच कळतात.

नागोयात सुधीर दिवसभर कारखान्यात असे. मी एकटा खोलीत काय करणार, म्हणून त्यानं माझं नाव एका पायी सहलीत घातलं. समुद्राच्या काठाकाठानं चार दिवस चालायचं आणि वाटेतली देवळं बघायची. बरोबर दहा-बारा पेन्शनर आणि वाटाड्या म्हणून कावाई-सान (सान म्हणजे आपलं 'राव'). तेही निवृत्त मास्तर. हातात पिवळं निशाण घेऊन ते दर अर्ध्या तासानं माणसं मोजत. मास्तरची खोड मास्तरला बरोबर कळते. पहिल्या दिवसापासून आमचं मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तम जमलं.

पहिलंच देऊळ डोंगराच्या सोंडेवर होतं. पुढं लाल रंगाची लाकडी कमान, तिला तोरी म्हणतात. कमानीतून मागे निळा समुद्र दिसत होता आणि खाली इवल्याशा खाचरांत भाताची लावणी चालली होती. आमच्याकडे अजून राब (रोपांसाठी भाजून तयार केलेली जमीन) भाजून नुकते होत होते आणि इथं लावणी! मी देव सोडून आधी खाचरंच बघत राहिलो. मग सवयीनं कमानीपाशी बूट काढले तर कावाई-सान धावत आले.

"बूट असू द्या. इथं अंगणात काढत नाहीत. बुद्धाच्या देवळात, लाकडी पायरीवर काढायचे."

त्यांच्या देवाला चालतं, मग मी कोण बोलणार? पण पायांत पायताण घालून देवापुढं उभं राहायचं हे काही पचेना. हौदातल्या पळीनं हात धुतले, दोनदा वाकलो, दोनदा टाळी वाजवली आणि मनातल्या मनात बुटांबद्दल माफी मागितली. दोन दिवस प्रत्येक कमानीत हेच चाललं होतं.

मुक्काम कोळ्यांच्या घरी असे. सकाळी सातला भात, भाजलेला मासा, शेवाळाचं सार आणि उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ). भाताला आमच्या आंबेमोहोराचा वास नाही, पण चव आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. दुसऱ्या दिवशी मी करीमभाईंचा पुडा सोडला. कावाई-साननी चमचाभर चटणी भातावर घेतली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि परत ताटली पुढं केली. माणूस आपला निघाला.

तिसऱ्या दिवशी मला पहाटेच जाग आली. उजाडल्यावर मी एकटाच बाहेर पडलो. गावाच्या टोकाला कडा होता, कड्याच्या अगदी काठावर एक लहान तोरी आणि तिथून दगडी पायऱ्या खाली समुद्राकडे उतरत होत्या. खाली खडकातल्या गुहेत देव आहे, असं आदल्या दिवशी कळलं होतं. आता अडवायला कावाई-सान नव्हते. मी बूट काढले, मोजे घडी करून आत ठेवले, बूट एकमेकांना लावून नीट ठेवले. वर मफलरची घडी आणि तिच्यावर दगड. आणि अनवाणी पायांनी, किती दिवसांनी बरं वाटलं म्हणून सांगू, खाली उतरलो.

पायऱ्या संपल्यावर चार-पाच दगडांवरून गुहेत जायचं होतं. आत हातभर उंचीचं देऊळ. मी डोळे मिटून बसलो. बायकोची आठवण आली, थोडा रडलो, मग बसूनच राहिलो. डोळे उघडले तेव्हा ते चार-पाच दगड पाण्याखाली गेले होते. मी डोंगरातला माणूस. आमच्या धरणाचं पाणी वर्षातून एकदा चढतं आणि एकदा उतरतं. भरती-ओहोटी मी मुलांना तीस वर्षं शिकवली, पण कधी अंगावर घेतली नव्हती! ओहोटीपर्यंत थांबू म्हटलं. गुहा कोरडी होती. मला घाई कसली होती?

दीड-दोन तास गेले असतील. वर भोंगा वाजला. होड्यांची इंजिनं ऐकू आली. गंमत बघत होतो, तोच समोरच्या पाण्यातून पांढरं फडकं बांधलेलं एक डोकं वर आलं. साठीची बाई. ही आमा, म्हणजे बुडी मारून शिंपले काढणारी बाई. तिनं मला बघितलं. मी आपला नमस्कार केला. ती किंचाळली, खडक धरून माझ्यावर जोरजोरात ओरडली आणि ओरडता ओरडताच रडायला लागली.

होडीनं मला काठावर आणलं तेव्हा तिथं निम्मं गाव जमलं होतं. सहा होड्या आणि पाण्यातून वर येणाऱ्या किती आमा, मला मोजताही आल्या नाहीत. कावाई-सानचा चेहरा पांढराफटक पडला होता. मलाच राग आला.

"एवढा गाजावाजा कशाला? देवाला तर गेलो होतो!"

त्यांनी माझे बूट दाखवले. झाडलोट करणाऱ्या म्हातारीला ते सकाळी दिसले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "आमच्याकडे जीव द्यायला निघालेला माणूस कड्यावर बूट असेच नीट काढून ठेवतो."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "आमच्याकडे देवासाठी काढतात," एवढंच मी म्हणालो. त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. मग म्हातारी डोळे पुसत हसली आणि सगळेच हसले. त्या बायकांचा सकाळचा धंदा बुडाला होता. तरी त्यांनी मला आपल्या खोपीत नेलं, शेकोटीपाशी बसवलं, चहा दिला, निखाऱ्यावर शिंपले भाजून दिले. कुणाची कोण माणसं! मला त्यांची भाषा येत नव्हती आणि माझ्या भाषेतही मला आभार मानता येईनात.

"तुमच्या मुलाला फोन केला होता," कावाई-सान म्हणाले. "सापडलात हे कळवायच्या आतच तो निघाला."

दुपारी सुधीर आला. अंगावर कारखान्याचा निळा डगला तसाच. खोपीच्या दारात मला बघून तो दहा पावलांवरच थांबला. इंजिनिअर झाल्यापासून शुद्ध बोलणारा माझा मुलगा एकदम पौडचा झाला.

"आबा, फोन आला तवा मला खोटं वाटलंच न्हाई. लगीच खरं वाटलं. आई गेल्यापासनं हेच भ्या घिऊन निजतोय मी. म्हनून तर तिकिट धाडलं."

तो जवळ आला.

"खरं सांगा, कदी मनात आलं न्हवतं न्हवं?"

"भूक लागलीय, चल," मी म्हणालो आणि उठलो. तीस वर्षं मुलांना 'प्रश्न विचारला की उत्तर द्या' म्हणणारा मी.

चौथ्या दिवशी सुधीर रजा काढून आमच्याबरोबर चालला. शेवटचं देऊळ बुद्धाचं होतं, पाइनच्या झाडांत. लाकडी पायरीवर आमचे दोघांचे बूट शेजारी शेजारी ठेवले. कावाई-साननी माणसं मोजली, एक जास्त भरलं. निशाण वर करून ते मोठ्यानं हसले.

आठ दिवसांनी पौडला उतरलो. करीमभाईंनी विचारलं, "काय काय बगितलं गुरुजी?" मी देवळं सांगितली, कोळी सांगितले, चटणीचं सांगितलं. ते खूश झाले. बुटांचं कुणाला सांगितलं नाही, ते आज इथं पहिल्यांदा लिहितोय. लिहिलंच पाहिजे असं वाटलं, कारण एका अनोळखी म्हाताऱ्यासाठी ज्यांनी होड्या सोडल्या, त्यांचं नावही मला माहीत नाही. मी मात्र बायको गेल्यापासून असं धरून चाललो होतो, की माझं असणं-नसणं हा माझ्या एकट्याचा मामला आहे.

पौडला उतरलो त्याच दुपारी परदेशी टपालाचं निळं पत्र आणलं आणि सुधीरला लिहिलं: 'तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. मनात आलं होतं. तिथं नव्हे, इथं धरणाच्या काठावर, दोनदा. तुला सांगितलं नाही, ही माझी चूक. पुन्हा आलं तर आधी तुला सांगेन. कुणाला मला शोधत फिरायला लावणार नाही.'