भांडणाचे पाच गुण

आज या घरी, उद्या त्या घरी असं वाढलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना दत्तक आईबाप मिळवून देणाऱ्या योजना कितपत चालतात, हे तपासणं आमच्या ऑफिसातल्या तपासमावशींचं काम. हातात छापील फॉर्म आणि जिभेला हाड नाही. ‘घरात भांडणं होतात का?’ या प्रश्नावर तर त्यांचा विशेष राग. ‘हो’ लिहिलं की योजनेचे पाच गुण कापले जात.

“हा प्रश्न काढणारा जन्मभर हॉटेलात राहिला असणार,” त्या म्हणायच्या.

परवा मी त्यांच्याबरोबर एका घरी गेले. तिथली सोळा वर्षांची मुलगी वर्षापूर्वी दत्तक आलेली. मागच्या दोन्ही भेटींत ती खुर्चीच्या टोकावर बसून प्रत्येक प्रश्नाला “छान आहे” म्हणाली होती. पैकीच्या पैकी गुण! मावशींना मात्र ते गुण पटले नव्हते.

या वेळी बेल वाजवण्याआधीच आतून आरडाओरडा ऐकू आला. मुलीनं ओला टॉवेल सोफ्यावर टाकला होता.

“उचल म्हटलं ना!”

“उचलते म्हटलं ना!”

आम्ही आत शिरतोय तोवर तिनं खोलीचं दार धाडकन आपटलं. मावशींनी खुशीत ‘हो’वर खूण केली.

आई ओशाळली. “काय सांगू, भलती हट्टी आहे. अगदी बापावर गेलीये!”

बापानं पेपरातून डोकं वर काढलं. “माझ्यावर कुठली? माझ्या आईवर गेलीये.”