एक डोळा अणदूरला, एक जळकोटला

आमच्याकडं मुलगी दाखवताना तिनं डोळे वर करायचे नसत. चाल बघत, केस बघत, मराठी येतं की नुसतीच कानडी बोलते ते बघत. डोळे कुणी बघत नसे, कारण जिचे डोळे दिसले ती मुलगी वळणाची नव्हे. या एका रीतीवर माझं लग्न जमलं.

माझे दोन्ही डोळे जन्मापासून आपापल्या वाटेनं जातात. वडिलांनी काही लपवलं नव्हतं, त्यांना कुणी विचारलंच नाही. कानडी मुलखातल्या आळंदच्या बाजूहून मी नळदुर्गात सून म्हणून आले. सूनमुख बघायला आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आरसा धरला, तेव्हा मी पहिल्यांदा मान वर केली. आरशात आमची नजरानजर व्हायची होती, ती झालीच नाही. आत्याबाईंनी आरसा पालथा ठेवला आणि भरल्या मांडवात म्हणाल्या, "हिचा एक डोळा अणदूरला अन् एक जळकोटला!"

दिशा अगदी बरोबर होत्या, एवढं आज कबूल करते. गावाच्या मावळतीला अणदूर, उगवतीला जळकोट. त्या दिवशी मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

दोन दिवसांत घरात ठरलं की आपली फसवणूक झाली. धाकट्या नणंदेचं लग्न तोंडावर होतं. ते उरकलं की माझ्या बापाला बोलावून मला माघारी धाडायचं. यांच्या तोंडून आईपुढं शब्द फुटत नसे. त्याचा मला तेव्हा राग आला होता आणि अजूनही आठवलं की येतो. तोवर मला एकच हुकूम होता: खाली बघायचं. आडावर, अंगणात, चुलीपुढंसुद्धा. "लोकास्नी दिसाया नको," आत्याबाई म्हणायच्या.

ते जर्मनच्या लढाईचे दिवस. निजाम सरकारची लेव्ही धान्य उचलून न्यायची आणि गहू म्हणजे सोनं झालं होतं. तरी आत्याबाईंनी नणंदेच्या लग्नासाठी चार पायल्या गहू जपून ठेवला होता. त्याच्या कुरडया घालून माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, वाळत टाकल्या आणि राखणीला मला बसवलं. राखण वानरांपासून. किल्ल्यात त्यांची टोळी होती आणि उन्हाळ्यात कुठल्या घरी काय वाळतंय हे त्यांना आमच्याआधी कळे. मारुतीची जात, दगड मारायचा नाही, नुसती काठी आपटायची.

त्यांची तऱ्हा साऱ्या गावाला ठाऊक होती. टोळीचा हुप्प्या समोर येऊन बसणार आणि राखणारीची नजर धरून ठेवणार. तेवढ्यात बाकीची दुसऱ्या अंगानं येऊन सूप रिकामं करणार. ती काठीला भीत नसत. आपण कुठं बघतोय तेवढं बघत. दृष्टीआड सृष्टी हे माणसांपेक्षा त्यांनाच जास्त कळत असावं.

पहिल्या दिवशी मी हुकमाप्रमाणं खाली मान घालून बसले. काठी हातात होती, डोळे मातीत. वानरं अगदी पाहुण्यांसारखी आली. एक तर माझ्या गुडघ्याला पाय लावून गेलं. मी काठी आपटेपर्यंत चादरीचा एक कोपरा साफ झाला होता.

आत्याबाई जिना चढून आल्या. "मुंडी खाली घालून बसली व्हतीस काय गं?"

"तुमीच सांगितलं व्हतं, आत्याबाई."

सुनेनं असं तोंड वर करून बोलायचं नसतं. पण मला जायचंच होतं, मग भ्यायचं कशाला? आत्याबाई ओरडल्या, "मग उद्या वर बघ! हितं तुला कोण बघतंय, वानरंच की!"

दुसऱ्या दिवशी मी उत्तरेला तोंड करून बसले आणि मान सरळ केली. हुप्प्या डाव्या कठड्यावर आला, दोन माद्या अंगणातल्या कडुलिंबावरून उजवीकडं उतरल्या. मी समोर बघत राहिले. हुप्प्यानं दात दाखवले, चुळबुळ केली आणि मागं सरला. तिकडं उजवीकडं एका मादीचा हात कुरडईपर्यंत आलेला, तो तसाच थांबला. चोराच्या मनात चांदणं! तिघांनाही वाटत होतं, ही बाई माझ्याकडंच बघतेय.

मी तळव्यानं उजवा डोळा झाकला. उजवीकडच्या माद्या पुढं आल्या. हात काढला, थांबल्या. डावा झाकला, हुप्प्या पुढं आला. काढला, मागं. चार-पाच वेळा केलं आणि मग मला असं हसू फुटलं की काठीच हातातून पडली. जन्मभर ज्या डोळ्यांची लाज वाटली, ते मी त्या उन्हात पहिल्यांदा मजेत वापरले.

शेजारच्या घरातल्या चाची त्यांच्या माळवदावरून बघत होत्या. "अगे, तेरे कू देखके बंदर बी चकरा गए!" त्या ओरडल्या आणि दुपारी आपल्या शेवयांची परात घेऊन आमच्याच माळवदावर आल्या. आठवड्यात अख्ख्या गल्लीचे पापड, सांडगे आमच्याकडं वाळू लागले. लोकं डोळ्यात तेल घालून राखण करतात, मला तेही लागलं नाही. एक कुरडई गेली नाही. आत्याबाई जिन्याच्या तोंडाशी बसून कुणी कुठं पसरायचं ते सांगत. "आमच्या सुनंची निगराणी हाय," असंही एकदा ऐकलं.

पण पोरीला घेऊन जा म्हणून माझ्या वडिलांना धाडलेला निरोप त्यांनी परत घेतला नव्हता. नणंदेचं लग्न झालं आणि चौथ्या दिवशी वडील गाडी जोडून आले. उंबऱ्याजवळ टोपी हातात घेऊन बसले, मान खाली. मी दाराआड माझं गाठोडं घेऊन उभी होते.

"कशापायी आलाव?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुमचा निरोप व्हता. पोरीला न्यायला आलो."

"धाडला व्हता म्या निरोप. चूक झाली माजी, पदर पसरते." मी कान टवकारले. "तुमी पोरगी न्या, अन् पुढल्या साली सारी गल्ली काय मला सोडंल? न्हाय देत म्या."

वडिलांना काही उमजेना. त्यांनी मान आणखीच खाली घातली.

"मुंडी वर करा की, पावणं. तुमी काय चोरी केलीया?" मग त्या दाराकडं वळल्या आणि मला माझ्या कानडीतलं 'पोरी' म्हणाल्या. "अन् तू गं हुडगी, तूबी वर बघ."

मी पुढं झाले आणि वर बघितलं. डाव्या हाताला वडील होते, उजव्या हाताला आत्याबाई. वडिलांना वाटलं, मी त्यांच्याकडं बघतेय. आत्याबाईंना वाटलं, त्यांच्याकडं. दोघांचंही बरोबर होतं.